गोलकीपर आणायला पुण्याला

शनिवारी सकाळी सव्वासहाला आम्ही कोल्हापूर सोडले, तेव्हा खेळाडू नोंदणी बंद व्हायला साठ तासांना पंधरा मिनिटे कमी होती. नोंदणी सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत. अर्जावर फोटो हवा आणि खेळाडूने स्वतः हजर राहून केलेली सही हवी. फोनवरचा होकार चालत नाही, दुसऱ्याच्या हाती पाठवलेला अर्ज चालत नाही. आमच्या तालमीच्या संघाचा गोलकीपर प्रशांत पंधरा दिवसांपूर्वी कुणाला न सांगता पुण्याला निघून गेला होता. पेठेत त्याला पशा म्हणतात. तो सोमवारी सहाच्या आत परत आला नाही, तर आठ वर्षांत पहिल्यांदा आमचा संघ त्याच्याशिवाय मैदानात उतरणार होता.

गाडीत आम्ही दोघेच होतो. चालवायला बापू. संघाचे व्यवस्थापक, वय एकसष्ट, पेठेत बेकरी. शेजारी मी. तीस वर्षे एका दैनिकात इतरांनी लिहिलेल्या बातम्या तपासल्या आणि त्याहून जास्त वर्षे या संघाचे सामने पाहिले. मागच्या सीटवर सतरंजीत गुंडाळलेला पितळी चषक होता. तो कशाला घेतला, असे विचारल्यावर बापू म्हणाले, "पोचा पडलाय त्याला. पुण्यात काढून आणायचा."

"कोल्हापुरात ठोकणारे संपले काय?"

"तुमी गप बसा की."

ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्ये. तिथे संघ पेठेचा असतो, आणि त्याची तालीम हीच त्याची कचेरी, कट्टा आणि न्यायालय असते. सामन्याच्या दिवशी दुकाने लवकर बंद होतात आणि हरल्यावर दोन दिवस लोक एकमेकांशी तुटक बोलतात.

आमच्या संघाच्या सध्याच्या स्थितीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. गेल्या हंगामात आम्ही गोल कमी केले, खाल्लेही कमी. पहिली गोष्ट आक्रमणाचे अपयश, दुसरी प्रशांतची कामगिरी. उजव्या बाजूचा वेगवान खेळाडू पलीकडच्या पेठेने उचलला. त्याच्या जागी आम्ही बाहेरून दोन आघाडीपटू आणले, पण त्यांना चेंडू पुरवणारी मधली फळी आहे तीच ठेवली. प्रशांतचा खांदा दुखावला म्हणून गोव्याहून आणखी एक गोलकीपर आणला. तो राखीव म्हणून आणला होता. निदान समितीच्या बैठकीत तसे ठरले होते.

धायरी, शनिवार

प्रशांतची थोरली बहीण सुनीता धायरीत राहते. सिंहगड रस्त्यावरून आत वळल्यावर पहिली पंधरा मिनिटे सगळे शहरच दिसते. मग दोन टोलेजंग इमारतींच्या मधे अचानक एक देऊळ, पार, त्यावर बसलेले चार म्हातारे आणि गोठा लागतो. गाव गेलेले नाही, फक्त त्याच्यावर मजले चढले आहेत. आम्ही पत्ता विचारला तेव्हा पारावरचा एक जण म्हणाला, "ती काय, पिवळी बिल्डिंग हाय. पण तितं गाडी आत घेत न्हाईत पाव्हण्याची." बाकी पुण्यात मिळालेल्या उत्तरांपेक्षा हे उत्तर चार शब्दांनी मोठे होते.

फाटकावर पहारेकऱ्याने वही पुढे केली. नाव, फोन, कुणाकडे आणि 'कामाचे स्वरूप'. बापूंनी शेवटच्या रकान्यात लिहिले, 'गोलकीपर'. पहारेकऱ्याने वाचले, बापूंच्या पोटाकडे पाहिले आणि फाटक उघडले.

सुनीताने दार उघडले आणि आधी पाणी दिले. मग म्हणाली, "तो इथं न्हाई. कोथरूडला मित्राच्या खोलीवर राहतो. तुमी आलाय हे त्याला कळलंय, म्हणून फोन उचलणार न्हाई. बसा."

बापू बसले. "ताई, पोराला झालं तरी काय? खांद्यासाठी डॉक्टर दिला, आराम दिला. न सांगता निघून जायचं असतंय व्हय?"

सुनीताने आत जाऊन फोन आणला आणि एक चित्र उघडून आमच्यासमोर धरले. ते आमच्याच चौकातल्या फ्लेक्सचे होते. वर पुढाऱ्यांचे चेहरे. मध्यभागी हातमोजे घातलेला गोव्याचा गोलकीपर, पुरुषभर उंच, 'हार्दिक स्वागत'. दोन्ही बाजूंना नवे आघाडीपटू. अगदी खाली, जिथे फ्लेक्सवर 'शुभेच्छुक' म्हणून वर्गणीदारांचे तिकिटाएवढे फोटो लावतात, त्या ओळीत किराणा दुकानदार आणि केबलवाल्याच्या मधे प्रशांत.

"आठ वर्षं गोलमधी उभा राहिला," ती म्हणाली. "आणि शेवटी शुभेच्छुक? मेल्यावर तरी मोठा फोटो लावणार काय त्याचा?"

"फोटो हाय की पण त्यात," बापू म्हणाले.

हे वाक्य उच्चारल्यावर त्यांनाच ते ऐकू आले असावे.

आमच्या पेठेत फ्लेक्स ही जाहिरात नसते. ती संघाची यादी असते. कोण मध्यभागी, कोण कडेला, कुणाचा हात कुणाच्या खांद्यावर, यावरून चहाच्या गाडीवर पुढच्या हंगामाचा संघ ठरतो. खालच्या ओळीत गेलेला खेळाडू निवृत्त झाला, असाच त्याचा अर्थ. घडले ते असे. छपाईच्या तासभर आधी प्रशांतचा फोटो राहिल्याचे बापूंच्या लक्षात आले. त्यांनी डिझाइन करणाऱ्याला फोन करून सांगितले, "घाला कुठंतरी." जागा खालीच उरली होती.

एक तपशील त्या खोलीत फक्त मला आणि बापूंना माहीत होता. छपाईपूर्वीचा शेवटचा मसुदा माझ्या फोनवर आला होता. मी प्रत्येक नाव, प्रत्येक पद वाचले, दोन चुका दुरुस्त केल्या आणि 'छापा' असे कळवले. फोटोंकडे मी पाहिले नव्हते. फोटो पाहणे हे माझे काम आहे, असे मला वाटले नव्हते.

बापूंनी माझ्याकडे पाहिले. मी पाण्याचा पेला उचलला.

संध्याकाळी सुनीताचे यजमान आले. त्यांना आम्ही दोघेही दाजी म्हणालो, कारण सगळी पेठ त्यांना तेच म्हणते. त्यांनी आमच्या राहण्याची सोय बाहेरच्या खोलीत केली. बापू लॉजवर जायचे म्हणू लागले, तेव्हा सुनीता आतूनच म्हणाली, "मी रागावलेय ते वेगळं. जेवायचं आणि झोपायचं हितंच."

कोथरूड, रविवार

सकाळी साडेसातला कोथरूडला पोहोचलो. तीन सोसायट्यांच्या मधोमध जाळी लावलेले एक कृत्रिम हिरवळीचे मैदान. दारावर फलक: 'पालकांनी खेळाडूंना सूचना देऊ नयेत. त्यासाठी प्रशिक्षक नेमले आहेत.' आत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीसेक माणसे बसली होती. बहुतेकांच्या हातात फोन. दोन संघ सराव सामना खेळत होते आणि चेंडूवर बूट आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. फुटबॉलच्या सामन्यात मी तो आवाज प्रथमच इतका नीट ऐकला. आमच्याकडे तो कधी ऐकू येत नाही.

डाव्या बाजूच्या गोलमध्ये प्रशांत होता.

या संघाचे प्रशिक्षक गायकवाड सर, शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. आम्ही ओळख सांगितली. ते म्हणाले, "हो, आपण येणार हे माहीत होतं. बसा. एकच विनंती, ओरडायचं नाही. समोर तिसऱ्या मजल्यावर एक काकू आहेत. त्या कुठंही तक्रार करत नाहीत, थेट मला फोन करतात."

"गोल झाला तर?" बापूंनी विचारले.

"गोल झाला तर टाळ्या. दोन."

बापू खुर्चीच्या कडेवर बसले आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले.

प्रशांत उत्तम खेळला. खांदा बरा झाल्याचे उघड दिसत होते. एक फटका त्याने उजवीकडे पूर्ण लांबून अडवला. एकदा पुढे धावत येऊन समोरच्याच्या पायातून चेंडू काढला. प्रत्येक अडवणुकीनंतर तो उठायचा, हातमोजे एकमेकांवर आपटायचा आणि मान वळवून उजवीकडे वर पाहायचा. आमच्या मैदानात त्या दिशेला आमच्या पेठेची गॅलरी आहे. तिथे पाहिले की हजारो माणसे एकदम उभी राहतात. कोथरूडमध्ये त्या दिशेला एका सोसायटीची भिंत होती आणि वाळत घातलेल्या दोन चादरी. त्याने सामन्यात चार वेळा त्या भिंतीकडे पाहिले.

बरोबर नऊला शिट्टी झाली. पुढचा गट बूट बांधून दारात उभाच होता. निकालाची वाट कुणी पाहिली नाही.

गायकवाड सरांना मी सरळ विचारले, की प्रशांतने त्यांच्याकडे सही केली आहे का.

"नाही. अर्ज त्याला गुरुवारी दिलाय. अजून त्याच्या बॅगेतच आहे." त्यांनी चष्मा पुसला. "मुलांना गोलकीपिंग शिकवायला माझ्या जुन्या शाळेने त्याला ठेवायचं कबूल केलंय. ओढाताण मी करणार नाही. फक्त एक सांगतो, तुमच्यासारखे कोल्हापूरचे पाहुणे मी आधीही बघितलेत. ते खेळाडूला न्यायला येतात. खेळाडू कसा आहे हे विचारायला येत नाहीत."

आम्ही ते विचारलेले नव्हते, हे खरेच होते.

प्रशांत बॅग खांद्याला लावून आमच्या पुढून निघाला. थांबला, वाकून बापूंच्या पायाला हात लावला आणि चालू लागला. बापू त्याच्या मागे गेले. "पशा, ऐक तरी. चषक आणलाय. आपला. पोचा काढायचाय त्याचा. उद्या दहाला कसब्यात, तांबट आळीत. तू यायला पायजेस. पोचा तूच पाडलायस."

प्रशांतच्या चेहऱ्यावर हसू आले की नाही, हे मला पाठीमागून दिसले नाही. "बघतो," एवढे ऐकू आले.

दुपारी धायरीत मटणाचे जेवण होते. प्रशांत दर रविवारी जेवायला येतो म्हणून सुनीताने पाच ताटे मांडली होती. तांबडा रस्सा कोल्हापूरचाच, पांढराही. मात्र सोबतच्या चपात्या पुण्याच्या, पातळ आणि घड्या घातलेल्या. दाजी म्हणाले, पंधरा वर्षांत शहराने त्यांच्याकडून एवढीच एक गोष्ट मिळवली. दोन वाजले. अडीच झाले. सुनीताच्या फोनवर दोन शब्द आले: 'जेवून घ्या.' तिने पाचवे ताट उचलले नाही. आम्ही त्या ताटासमोर बसून जेवलो.

बापूंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली नाही, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही पुरेसे होते.

कसबा पेठ, सोमवार

हिशेब साधा होता. सहाच्या आत पोहोचायचे तर बारापर्यंत पुणे सोडणे भाग होते. कात्रज आणि खंबाटकी मिळून किती वेळ खातील हे कुणी सांगू शकत नाही. दहाला पाच कमी असताना आम्ही गाडी लांब लावून गल्लीत शिरलो. तिथे चालतच जावे लागते. कुंभार, बुरूड, तांबट, प्रत्येकाची वेगळी आळी. आळी ऐकूनच ओळखू येते. तांबट आळीच्या तोंडाशी येईपर्यंत हातोड्यांचा आवाज सुरू झाला होता.

कारागीर साठीचे होते. त्यांनी चषक फिरवून पाहिला. "अर्ध्या तासाचं काम. इथं बसू नका, उजेड अडतो."

आम्ही पायरीवर बसलो. साडेदहा झाले. बापूंनी घड्याळ पाहणे थांबवले आणि माझ्या मनगटाकडे पाहू लागले. पावणेअकरा वाजून गेले. चषक बाजूला ठेवून कारागीर आधी एक पातेले ठोकत होते. बापूंनीच त्यांना तसे सांगितले होते: "माणूस यायचाय, तोवर थांबा."

अकराला पाच कमी असताना प्रशांत आला. सायकलवरून. आमच्या शेजारी पायरीवर बसला.

बापूंनी सतरंजीच्या घडीतून अर्ज काढला. फोटो चिकटवलेला, सहीची जागा रिकामी. "चल, पोरा. गाडीत सगळं बोलू. सहाच्या आत पोचतोय आपण."

"बापू, फ्लेक्स बघून आलो, हे खरं हाय."

"ते डिझाइनवाल्यानं..."

"डिझाइनवाल्याचं काय नाही," मी म्हणालो. "शेवटचा मसुदा माझ्याकडे आला होता. मीच छापा म्हणून कळवलं."

हातोड्याचा आवाज चालू होता, त्यामुळे मला वाटले ऐकू गेले नाही. प्रशांतने माझ्याकडे पाहिले. "मला वाटलंच होतं, काका," तो म्हणाला. "शुद्धलेखन एकदम बरोबर होतं."

तीस वर्षांत मला मिळालेला हा सर्वात अचूक अभिप्राय होता. मी एवढेच म्हणालो, "चुकलं माझं."

"व्हय. माझंबी," बापू म्हणाले. कोल्हापुरातून निघाल्यापासून हे ते पहिल्यांदा म्हणत होते. "नवा फ्लेक्स लावतो. तू मधी. एकटा."

प्रशांत अर्जावरच्या स्वतःच्या फोटोकडे पाहत होता. "बापू, फ्लेक्समुळं निघालो. पण थांबलोय त्यासाठी न्हाई. गेल्या साली टायब्रेकरवर हरलो, आठवतंय?"

"ते कोण विसरतंय?"

"दुसऱ्या दिवशी आई दळण घेऊन गेली. गिरणीवाला म्हणाला, पोरानं मुद्दाम सोडला काय चेंडू? आपल्याच पेठेतला. आपलाच. आईनं मला सहा महिन्यांनी सांगितलं. हितं पहिले चार दिवस झोप लागली न्हाई. एवढं शांत. आता लागती."

कारागिरांनी पातेले बाजूला ठेवले. "साहेब, आता घेऊ का हा? की पंचायत संपायचीय?"

साडेअकरा झाले होते. अर्ज त्यांच्या मांडीवर उघडा होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी त्यावर अंगठा धरला होता. मला आमचे सगळे मुद्दे माहीत होते: पेठ, आठ वर्षे, पलीकडच्या पेठेची फळी, मोडकी मधली फळी. वाटेत आम्ही ते क्रमाने ठरवले होते. बापूंनी त्यातला एकही वापरला नाही. त्यांनी विचारले, "खांदा कसा हाय?"

"बरा हाय. काल बघितलासा न्हवं."

"आणि आई?"

"पुढच्या महिन्यात आणतोय हिकडं."

बापूंनी अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. प्रशांत उठला. दुकानात वाकून त्याने चषक हातात घेतला, पोचावर बोट फिरवले. चषक जिंकला त्या वर्षीच्या मिरवणुकीत तो जीपच्या टपावरून चषकासकट खाली आला होता. "राहू दे हा," तो म्हणाला. "काढू नका."

"मग आणलात कशाला?" कारागीर म्हणाले आणि पुन्हा पातेले ओढले.

गल्लीच्या तोंडापर्यंत तो सायकल हाताने ढकलत आमच्याबरोबर आला. तिथे म्हणाला, "गोव्याचा पोरगा चांगला हाय. सरावात बघितलाय मी त्याला. पण डावीकडं खालचा चेंडू आला की उशिरा जातोय. बाहेर कुणाला सांगू नका. फक्त डाव्या बॅकला सांगा, फटका मारणाऱ्याकडं न बघता खांबाकडं पळ म्हणून."

मी हे वहीत लिहून घेतले. घाई उरली नव्हती, म्हणून दुपार कलल्यावर पुणे सोडले. सहाला नोंदणी बंद झाली तेव्हा आम्ही कराडजवळ होतो. बापूंनी गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटे थांबले आणि पुन्हा सुरू केली.

कोल्हापूर, परतल्यावर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी चौकातला फ्लेक्स उतरवला. समितीत दोघांनी विचारले, कशाला? बापू म्हणाले, "चुकीचा हाय."

पहिला सामना तिसऱ्या आठवड्यात झाला. संघाबद्दलचे माझे मत बदललेले नाही. आघाडीचे दोन्ही नवे खेळाडू चेंडूची वाट पाहत उभे राहिले आणि मधल्या फळीने तो त्यांच्यापर्यंत पोहोचवला नाही. एकमेव गोल कॉर्नरवर झाला. तो आमचा होता. शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांचा फटका डावीकडे, जमिनीलगत आला. गोव्याचा गोलकीपर उशिरा गेला. डावा बॅक खांबाशी उभाच होता. चेंडू त्याच्या नडगीवर आपटून बाहेर गेला आणि गॅलरी उठली. पेठ आता त्या बॅकचे नाव घेत होती.

बापूंनी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"पशा, बघितलास काय?"

"दाजींच्या फोनवर बघतोय. त्याला अजून अर्धं पाऊल मागं उभा करा." मग म्हणाला, "बापू, फोन बंद करू नका. जरा वेळ असाच धरा."

बापूंनी फोन गॅलरीकडे तोंड करून वर धरला. हात भरून आला, तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हातात घेतला.